जमिनीतून उगवलेले भावोजी

आमचे थोरले भावोजी पोल्लिस जमिनीतून उगवले होते. हे मी म्हणत नाही, ते स्वतः म्हणत. सकाळी ओट्यावर पाय पसरून बसायचं, सुके अंजीर चघळायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचं, "तुम्ही लोक कुठून कुठून आलात. आम्ही इथलेच. या मातीतून वर आलो."

मी त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाची बायको. दोघे एकाच आईच्या पोटचे. तरी आमचे हे, दोर्किस, गलबतातून आलेल्यांच्या वंशातले, आणि भावोजी मातीतून उगवलेले. सासूबाई तोवर गेल्या होत्या, नाहीतर त्यांनीच सांगितलं असतं हा कुठून वर आला ते, आणि किती वेळ लावला ते.

बरं, मातीतून आलेल्या माणसाला मातीची थोडी माया असावी की नाही? आमच्या लिथ्रा बेटावर सगळं आहे. दगड आहे, वारा आहे, शेळ्या आहेत, चारही बाजूंना समुद्र आहे. माती तेवढी नाही. डोंगराच्या अंगावर पायऱ्यापायऱ्यांच्या ताली घातल्या आहेत, त्यांच्यामागे जी काही अडकून राहते ती आमची शेती. हिवाळ्यात एक मोठा पाऊस झाला की ताल कुठेतरी फुटते, माती खाली ओढ्यात जाते आणि मग आम्ही बायका टोपल्या भरभरून ती पुन्हा वर नेतो. माझ्या मानेला जो बाक आला आहे तो त्या टोपल्यांचा. भावोजींची मान मात्र शेवटपर्यंत ताठ होती. जिच्यातून उगवले तिची एक टोपली त्यांनी कधी उचलली नाही. "ते काम खालच्या माणसांचं," म्हणायचे. खालची माणसं म्हणजे मी, माझी जाऊ मेलिता आणि त्यांचा धाकटा मुलगा मिकोन.

हे उगवण्याचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते एका अथेन्सच्या व्यापाऱ्यामुळे. वारा पडला म्हणून त्याचं गलबत आमच्या खाडीत थांबलं होतं. असे लोक आमच्याकडे सारखे येतात. डोंगर ओलांडून पलीकडच्या गावात जायला सकाळ मोडते आणि गुडघे फुटतात, तेवढ्यात शिडात वारा असला तर माणूस दोन बेटं करून जेवायला घरी येतो. म्हणून पलीकडच्या गावात कोण मेलं ते आम्हाला वर्षाने कळतं, आणि कोरिंथमध्ये कोणाची बायको पळाली ते त्याच आठवड्यात. तर त्या व्यापाऱ्याने केसांच्या अंबाड्यात सोन्याचा किडा खोवला होता, उन्हाळ्यात ऑलिव्हच्या झाडावर किरकिरतो तो. भावोजींनी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "हा किडा जमिनीतून बाहेर येतो. आम्ही अथेन्सवालेही तसेच. कुठून आलो नाही, आमच्या मातीतूनच जन्मलो. ही त्याची खूण."

झालं. व्यापारी गेला, किडा राहिला. सोन्याचा परवडणारा नव्हता, म्हणून भावोजींनी काशाचा करून घेतला. आठ दिवसांत तो हिरवा पडला आणि त्याच्याबरोबर भावोजींचे केसही. थोरला मुलगा क्लेआंद्र बापाच्या वळणावर गेलेला, त्यालाही एक करून दिला. बापलेक दोघे डोक्याला हिरवे डाग घेऊन गावातून हिंडायचे. गावाने भावोजींचं नाव किरकिऱ्या ठेवलं. जमिनीतून उगवल्याची बढाईसुद्धा गलबतात बसून आली, हे कोणी त्यांना सांगितलं नाही. मी दोनदा सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही.

पण खरं कारण किडा नव्हता. खरं कारण बाक होता.

आमच्याकडे वसंतात उतरण्याचा सण असतो. आमचे पूर्वज ज्या दिवशी या किनाऱ्यावर उतरले त्या दिवसाचा. त्यांनी उतरल्यावर जमीन वाटली ती वल्ह्यांच्या बाकांवर. ज्या बाकावर जो बसून आला, त्या बाकाची ती जमीन. म्हणून सणाच्या दिवशी प्रत्येक घरातला एक पुरुष किनाऱ्यावरच्या खडकावर चढतो आणि आपला बाक मोठ्याने सांगतो. जो बाक सांगतो त्याच्या घरची जमीन पुढच्या सणापर्यंत पक्की. आणि नुसता बाक सांगत नाहीत. त्या बाकावरच्या पूर्वजाने वाटेत काय केलं तेही सांगायचं. दामागेतोस आजोबांच्या घरचं आहे, "उजवा पहिला बाक. वादळात देवाला हाक मारली आणि देवाने ओ दिली." मच्छीमार ग्नाथोनच्या घरचं आहे, "उजवा सहावा. शार्कच्या डोळ्यात बोट घातलं." आणि आमच्या घरचं आहे, "डावा चौथा. सगळी वाट ओकला, पण वल्हं सोडलं नाही."

मला कधी त्यात लाज वाटली नाही. आमचे हे खडकावर चढून खणखणीत आवाजात सांगायचे, लोक हसायचे, हेही हसायचे आणि खाली उतरून तळलेले मासे खायचे. पण भावोजी लहानपणापासून त्या दिवशी लाल व्हायचे म्हणे. एवढ्या सगळ्या शूरांमध्ये आपलाच तेवढा ओकणारा! किडा मिळाल्यावर त्यांनी खडकावर जाणंच सोडलं. "जो उतरला त्याने सांगावं. आम्ही उतरलेलोच नाही." तोवर बाक सांगायला माझा नवरा होता. तो गेल्यावर माझा मुलगा थेरोन सांगू लागला. दोन्ही घरांची जमीन त्याच्या तोंडावर पक्की होत राहिली आणि भावोजी ओट्यावर अंजीर चघळत राहिले.

त्यातच त्यांना दगडी बाई सापडली.

म्हणजे सापडली मिकोनला, फुटलेली ताल पुन्हा रचताना. हातभर उंचीची, पांढऱ्या संगमरवराची, चपटी. हात पोटावर बांधलेले. तोंडावर फक्त नाक, बाकी डोळे नाहीत, तोंड नाही. अशा बाया आमच्याकडे अधूनमधून निघतात. आमच्या आधी जे लोक इथे होते त्यांच्या त्या. ताली त्यांनीच पहिल्यांदा घातल्या, डोंगरांची आणि झऱ्यांची नावंही त्यांचीच. त्या नावांचा अर्थ आम्हाला ठाऊक नाही, तरी तीच घेतो. त्यांच्यातले थोडे अजून वरच्या कड्यावर शेळ्या राखून राहतात. त्यांना बाक नाही म्हणून जमीन नाही, आणि सभेत तोंड उघडायची सोय नाही.

भावोजींनी दगडी बाई बघितली आणि हात जोडले. "ही आमची मूळ आजी!"

"नाक तुमच्या वळणाचं आहे खरं," मी म्हटलं.

त्यांना ते खरंच वाटलं. ओट्यावर कोनाडा करून तिला बसवली, पुढे तेलाचा दिवा. तेल मेलिताच्या कुपीतलं. त्याच दुपारी कड्यावरची एक म्हातारी चीज विकायला दारात आली तर भावोजी ओरडले, "लांब उभी राहा! ओट्याला हात लावू नकोस!" तिने कोनाड्यातल्या बाईकडे पाहिलं, भावोजींकडे पाहिलं, आणि चीज न विकताच निघून गेली. तिच्या जागी मी असते तर जाता जाता थुंकले असते. आज्या चालतात यांना, पण मेलेल्या.

पुढे दोन हिवाळे पाऊस आला नाही. जव वीतभर उंचीवर वाळले. शेळ्या दगड चाटू लागल्या. पलीकडच्या गावाकडे मागावं तर त्यांनी खिंडीत माणसं बसवली. आमचं काही घ्यायला आलात तर डोकी फोडू, म्हणाले. आम्हीही त्यांच्याबाबत तेच ठरवलं होतं, फक्त त्यांचं आधी ठरलं. मग डेल्फीच्या देवळात कौल घ्यायला माणूस पाठवला. तिथून उत्तर आलं ते नेहमीचंच, एक गलबत भरून माणसं बाहेर पाठवा. पश्चिमेला सिसिलीच्या बाजूला जागा आहे, तिथे नांगर म्हणे कोपरापर्यंत मातीत जातो.

सभेने नियम केला. ज्या घरात दोन मुलगे त्यांनी मडक्यातून घेवड्याचे दाणे काढायचे. काळा दाणा आला तो जाईल. एकुलत्या एक मुलाच्या घराला सूट. हिशोब केला तर गलबताचे बाक जेमतेम भरत होते. एखादं घर गळलं तर तो बाक भरायला एकुलत्या मुलांच्या घरांतून दाणा काढायचा. जाणाऱ्याने परत यायचं नाही. आला तर किनाऱ्यावरून दगड मारायचे, आईनेसुद्धा.

माझा थेरोन एकुलता एक. त्या रात्री मी नीट झोपले. सकाळी मेलिताला धीर द्यायला गेले, तर ती चुलीपुढे बसून रडत होती आणि भावोजी ओट्यावर मजेत होते.

"का गं रडतेस?" ते आत ओरडून म्हणत होते. "आपल्या घरचा एकही जाणार नाही. मी सभेत सांगणार आहे."

"काय सांगणार, भावोजी?" मी विचारलं.

"नियम गलबतवाल्यांसाठी आहे, क्रिनो. ज्यांच्या पायाला फिरायची सवय आहे त्यांनी फिरावं. आम्ही मातीतले. आम्हाला उपटलं तर बेटच सुकेल."

"बेट सुकलंच आहे."

"म्हणजे बघ, नुसत्या विचारानेच एवढं झालं!"

मेलिता पदराने डोळे पुसून म्हणाली, "अहो, पण मग आपल्या वाटचा बाक रिकामा राहील. तो कोण भरणार?"

भावोजींनी अंजिराचं देठ ओट्याखाली फेकलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "थेरोन आहे की. त्याला बाक सांगायची हौस आहेच. बसू दे बाकावर."

हा माणूस माझ्या नवऱ्याचा पाठचा नाही, पुढचा भाऊ. याच्या घरची माती मी वाहिली, याच्या जमिनीचा बाक माझ्या पोराने सांगितला, आणि हा अंजीर खाता खाता माझं पोर समुद्रात ढकलत होता. मेलिताने माझा हात धरला. तिचा हात मी सोडवला आणि घरी आले.

दुपारभर मी चीज गाळत बसले. पाणी ठिबकत होतं आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. बसू दे बाकावर. बाकावर. आणि मग मला हसू आलं. बाक नाही म्हणणारा माणूस जमीन कुठल्या तोंडाने कसणार? कड्यावरच्यांना जमीन का नाही, हे आमच्याकडे दात न आलेल्या पोरालाही ठाऊक आहे. फक्त भावोजींना नव्हतं, कारण ते कोणाचं ऐकतच नसत. आता एवढंच हवं होतं, की त्यांनी हे घरात न म्हणता सभेत म्हणावं. मोठ्याने, सगळ्यांसमोर. मग जमीन जाताना दिसली की बाक आपोआप तोंडातून निघेल.

मी चांगलं चीज पानात गुंडाळलं आणि परत गेले.

"भावोजी, मी विचार केला. तुमचंच बरोबर आहे."

त्यांना नवल वाटलं नाही. असल्या माणसांना कधी वाटत नाही.

"पण नुसतं तोंडाने सांगून कोण ऐकतं? आजीबाईंना घेऊन जा सभेत. दाखवा सगळ्यांना. आणि आडून आडून बोलू नका. स्पष्ट सांगा, की गलबताशी, बाकाशी आमचा काडीचा संबंध नाही."

"तुला बायकांच्या मानाने अक्कल आहे, क्रिनो," ते म्हणाले आणि चीज घेतलं.

मेलिता मात्र माझ्याकडे बघत राहिली. ती मूर्ख नव्हती. मला दारापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "तू काय करते आहेस ते मला दिसतं."

"तुझ्या दोघांतला एक तसाही जाणार होता, ताई. नियम सगळ्यांना आहे. माझा का म्हणून?"

तिने मला थांबवलं नाही.

सभा विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत भरते. बायकांना तिथे जागा नाही, पण पाणी भरायला कोण अडवणार? त्या दिवशी गावातल्या सगळ्या बायकांच्या घागरी एकदम रिकाम्या झाल्या होत्या. विहिरीत पाणी तळाला, त्यामुळे एक घागर भरायला वेळही पुष्कळ लागत होता. आम्ही भिंतीआड बसलो.

दामागेतोस आजोबा काठी घेऊन मधोमध बसले होते. मडकं पुढे होतं. नावं पुकारायला सुरुवात होणार तोच भावोजी उठले. अंगावर लग्नातला झगा, डोक्यावर हिरवा किडा, काखेत कापडात गुंडाळलेली बाई.

"माझ्या घरचे दाणे काढायचे नाहीत," ते म्हणाले.

"का रे बाबा?"

"गलबतात त्याने चढावं जो गलबतातून उतरला. आम्ही मातीतून आलो. मातीतलं रोप उपटून दुसरीकडे लावता येत नाही."

"कांद्याचं लावतात की!" ग्नाथोन मागून ओरडला.

भावोजींनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं आणि कापड सोडलं. पांढरी बाई उन्हात चकाकली. "ही आमची मूळ आजी. तुमचं गलबत येण्याच्या कितीतरी आधीपासून ती इथे आहे."

सगळे वाकून बघू लागले. ग्नाथोन पुढे आला, बाईच्या तोंडावरून बोट फिरवलं. "नाक पोल्लिसचंच आहे. पण हिला तोंड नाही, तेवढी ही तुझ्यापेक्षा बरी."

भिंतीआड आम्ही पदर तोंडात कोंबले. दामागेतोस आजोबांनी काठी आपटली. ते हसले नव्हते. हळू आवाजात विचारू लागले, आजारी माणसाला विचारावं तसं.

"म्हणजे आमचं गलबत आलं तेव्हा तुझे पूर्वज किनाऱ्यावर उभे होते?"

"उभे होते!"

"गलबतात नव्हते?"

"कसे असतील? आम्हाला काय गरज?"

"मग आमच्या गलबतात तुझा बाक नाही."

"नाही! काडीचा संबंध नाही!"

माझे शब्द होते ते. मी घागरीत तोंड घातलं.

"सगळ्यांनी ऐकलं ना?" आजोबा म्हणाले. "ऐकलं," सगळे म्हणाले. "मग पोल्लिस, डाव्या चौथ्या बाकाची जमीन तू का कसतोस?"

झाडावर खरे किडे किरकिरत होते तेवढंच.

"ती... ती आमचीच आहे. पहिल्यापासून."

"बाकाची आहे. बाक दरवर्षी दोर्किसचा मुलगा थेरोन सांगतो. म्हणजे सगळी जमीन त्याची झाली. जुन्या लोकांना आपल्या वाडवडिलांनी कडा दिला आहे. तिथे जा. हवा चांगली आहे."

"कड्यावर? त्या शेळीवाल्यांत?" भावोजींचा आवाज फाटला. "त्यांच्या अंगाला वास येतो!"

"तुझेच भाऊबंद ना?"

"माझे? ते चोर, उपटसुंभ—"

"आजी तुझी आणि नातवंडं उपटसुंभ?" ग्नाथोन म्हणाला. "अरे, काहीतरी एक ठरव. ऊन होतं आहे."

थेरोन माझ्यासमोरच्या बाजूला उभा होता. त्याला जमीन नको होती, तो खाली मान घालून पायाने माती उकरत होता. काकाची कीव करायचा, बापावर गेला आहे. एवढा बापावर गेला नसता तरी चाललं असतं.

"अजून नाव पुकारलेलं नाही," दामागेतोस आजोबा म्हणाले. "तू बाक सांगितलास तर तू आमच्यातला. जमीन राहील, आणि मुलगे दाणे काढतील. नाही सांगितलास तर मुलगे राहतील आणि जमीन जाईल. दोन्ही मिळायचं नाही."

भावोजींनी चारी बाजूंना पाहिलं. क्लेआंद्रने बापाकडे बघून मान हलवली, नको म्हणून. त्याला जमिनीशी काय करायचं होतं, ती तर मिकोन कसत होता. पण भावोजींना ओटा दिसत असणार, अंजीर दिसत असणार, आणि कड्यावरची ती म्हातारी. ओठ हलले. आवाज आला नाही.

"मोठ्याने," आजोबा म्हणाले. "खडकावर सांगतात तसं."

"डावा चौथा," भावोजी म्हणाले.

"पुढे?"

"...सगळी वाट ओकला."

"पुढे?"

"पण वल्हं सोडलं नाही."

कोणी हसलं नाही. हसतील असं मला वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर मी वाट बघत होते. पण सगळ्यांच्याच घरचा कोणीतरी जाणार होता. भावोजी खाली बसले. डोक्यावरचा किडा एका कानावर घसरला होता, तो त्यांनी सरळ केला नाही.

मग दाणे. क्लेआंद्र थोरला, त्याने आधी हात घातला. मूठ उघडली तर काळा.

"हा मोजू नका," तो म्हणाला. "माझा हात घामेजला होता. मी परत काढतो."

"परत काढलास तर दोनदा जावं लागेल," ग्नाथोन म्हणाला, आणि मिकोनने आपल्या मुठीतला पांढरा दाणा नसलेल्या खिशात लपवल्यासारखा पोटाशी धरला. मेलिता भिंतीआड माझ्या शेजारीच होती. तिने घागर खाली ठेवली. ओरडली नाही. नुसती घागरीच्या काठावर बोट फिरवत राहिली, गोल गोल.

गलबत वारा फिरल्यावर निघालं. तिकडची पहिली चूल पेटवायला गावाच्या चुलीतला विस्तव मडक्यात घालून गलबताच्या पुढच्या टोकाला ठेवला. क्लेआंद्रला कुठला बाक मिळाला? सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, मला वाटतं मुद्दामच. डावा चौथा. आयुष्यात त्याने वल्हं धरलेलं नव्हतं. मेलिताने त्याला जवाची भाकरी, अंजीर आणि खारवलेले मासे बांधून दिले. भावोजी किनाऱ्यावर उभे होते, केसांत काही नव्हतं, फक्त हिरवा डाग राहिला होता.

खाडीचं तोंड ओलांडायच्या आतच पहिली लाट आली आणि क्लेआंद्र ओकला. आम्हाला किनाऱ्यावरून दिसत होतं. दुसरी लाट आली, पुन्हा ओकला. भाकरी गेली, मासे गेले. पण वल्ही सगळ्यांची एकदम वर आली, एकदम खाली गेली, आणि त्याचंही गेलं. परत वर आलं, परत गेलं. पोरगा डोकं बाहेर काढून ओकत होता आणि हात ओढत होते.

"सोडलं नाही," मेलिता म्हणाली. एवढंच. मग ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि मीही रडले, आणि थेरोन मागे उभा आहे ना ते वळून बघून घेतलं.

तुम्हाला वाटेल भावोजी सुधारले असतील. असली माणसं सुधारत नाहीत, फक्त बाजू बदलतात. पुढच्या सणाला ते सगळ्यांच्या आधी खडकावर चढले आणि एवढ्या मोठ्याने ओरडले की पलीकडच्या गावाला वाटलं आम्ही चालून येतोय. "डावा चौथा! सगळी वाट ओकला, पण वल्हं सोडलं नाही!" खाली उतरून ज्याला त्याला धरून सांगू लागले, की ओकणं हे खऱ्या दर्यावर्दी घराण्याचं लक्षण आहे, जो ओकत नाही त्याला समुद्र कळलाच नाही. क्लेआंद्रचा निरोप सिसिलीहून एका कुंभाराच्या गलबतातून आला. जमीन मिळाली आहे, लग्न केलं आहे, मुलगी तिथल्याच जुन्या लोकांतली आहे. भावोजींनी त्यातलं "तिथल्याच जुन्या लोकांतली" एवढं गाळलं आणि बाकीचं गावभर सांगितलं. मरेपर्यंत टोपली मात्र उचलली नाही.

दगडी बाई त्यांनी सभेच्या दिवशीच उकिरड्यावर फेकली होती. दुसऱ्या दिवशी मी ती उचलून आणली आणि धुतली. तेव्हापासून ती माझ्या चीजच्या मडक्यावर आहे. वजन अगदी बेताचं, पाणी हळूहळू निथळतं.

कड्यावरची ती म्हातारी एकदा माझ्याकडे आली. माझ्या घरात ती आत येते, बसते. मडक्यावरची बाई बघून थबकली.

"तुला कुठे मिळाली?"

"उकिरड्यावर. तुझी आहे का? घेऊन जा."

"गलबतातून तुमचे पुरुष आले," ती म्हणाली. "वल्ह्याच्या बाकावर बाई होती का एखादी?"

"नाही. कोणाच्या सांगण्यात नाही."

"मग तुमची ताल घालायला, चीज करायला, फळ धरावं म्हणून अंजिराच्या झाडाला रानअंजीर बांधायला कोणी शिकवलं? तुमची पहिली आजी कोण?"

मी दगडी बाईकडे पाहिलं. हात पोटावर बांधलेले, नाक भावोजींचं, आणि जरा वाकून बघितलं तर माझ्या थेरोनचंही.

"अगं बाई," मी म्हटलं. "हे भावोजींना सांगू नकोस हं. पुन्हा ओट्यावर जाऊन बसतील."

म्हातारी हसली आणि तिने चीजचा तुकडा तोडून तोंडात टाकला. "मीठ कमी आहे," म्हणाली.